घर कोणत्या वस्तींत घ्यावें?

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. घर उभें करण्यांतील सारी यातायात या चार शब्दांत आली आहे. परंतु तें घर कोठें उभें करावें, याविषयीं म्हण कांहींच बोलत नाहीं. तिनें बोलावें तरी कशाला? ती ज्या काळांत जन्मली, त्या काळीं माणसाची वस्ती जन्मापासूनच ठरलेली असे. ज्या आळींत आजोबांचा वाडा, त्याच आळींत नातवाचें बारसें. आज मात्र वस्ती निवडण्याचा प्रश्न मध्यम स्थितींतील प्रत्येक कुटुंबाला निदान एकदां पडतो. आणि तो पडतो त्या वेळीं वीस-पंचवीस वर्षांची शिल्लक पणाला लागलेली असते. चुकीची साडी परत करतां येते, चुकीची नोकरी सोडतां येते. चुकीच्या वस्तींतलें घर मात्र बहुधा पुढल्या पिढीलाच विकावें लागतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार आज आपण करूं.

विचार हवेंत राहूं नये यासाठीं एकच गांव डोळ्यांपुढें ठेवूं. तें गांव यवतमाळ. समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीच्या पठारावर हें वसलेलें आहे. पूर्वीं हा जिल्हा वणीच्या नांवानें ओळखला जात असे. १९०५ सालीं त्याला यवतमाळचें नांव मिळालें. नगरपालिका येथें प्रथम १८६९ सालीं स्थापन झाली, लवकरच मोडली, आणि १८९४ सालीं पुन्हां उभी राहिली. कापसाचा व्यापार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या यांच्या आधारानें गांव वाढत गेलें. २०११ च्या जनगणनेंत नगरपालिकेच्या हद्दींत १,१६,५५१ माणसें मोजलीं गेलीं. आणि वडगाव, लोहारा, उमरसरा या लगतच्या वस्त्या तेव्हां हद्दीबाहेरच होत्या. पुढें हद्दवाढ झाली व त्या शहरांत आल्या. म्हणजे शहर आधीं तेथें जाऊन पोंचलें, आणि नगरपालिका मागाहून गेली. ही गोष्ट लक्षांत ठेवा; पुढच्या पुष्कळशा अडचणींचें मूळ तींत आहे.

अशा गांवांत घर घेणाऱ्यापुढें मुख्यतः दोन वाटा असतात. एक वाट जुन्या गांवाची : दत्त चौक, आझाद मैदान आणि त्यांच्या आसपासच्या पेठा. दुसरी वाट नव्या ले-आऊटांची : उदाहरणार्थ, आर्णी रस्त्याकडील वडगावच्या बाजूची. जुन्या गांवांत घर लहान, भिंतीला भिंत लागलेली, दारांत गाडी उभी करायला जागा नाहीं. पण बाजार, दवाखाना, शाळा, देऊळ हें सारें पायाखालीं. नव्या ले-आऊटांत चारी बाजूंनीं उजेड-वारा, अंगणांत तुळस आणि आंब्याचें झाड, मुलांसाठीं वेगळी खोली. पण दूध आणायलासुद्धां गाडीला किल्ली लावावी लागते. पहिल्या दृष्टिक्षेपांत प्रत्येकाचें मन दुसऱ्या वस्तीकडे ओढ घेतें. तें स्वाभाविकच आहे. मोकळी जागा डोळ्याला लगेच दिसते. सोय ही मात्र रोजच्या वापरांतच कळते.

म्हणून तुलना करतांना पहिली दृष्टि घरावर नव्हे, तर कागदांवर टाकावी. येथें दोन्ही वस्त्यांचे रोग निरनिराळे आहेत.

जुन्या गांवांतील घराचा रोग म्हणजे वारस. वाडा आजोबांच्या नांवावर, आजोबा जाऊन चाळीस वर्षें झालेलीं, आणि विकायला निघालेला असतो एकटा धाकटा नातू. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मतः मिळाला. आणि दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तेव्हां ‘आत्यांनीं कधींच हक्क सोडला आहे’ असें तोंडी सांगणें पुरेसें नाहीं. हक्कसोडपत्र नोंदविलेलें आहे काय, तें पाहावें. नसेल तर त्या आत्यांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्या. जुन्या गांवाचा दुसरा रोग विदर्भांत विशेष आढळतो. तो म्हणजे नझूल. शहरांतील कांहीं जमीन सरकारच्या मालकीची असून ती बहुधा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानें लोकांना दिलेली असते. घर लोकांचें, खालची जमीन सरकारची. अशा जागेचा पट्टा संपलेला असेल, तर कर्जही अडतें आणि विक्रीही अडते. आखीव पत्रिका काढून पाहिली म्हणजे धारणाधिकाराच्या रकान्यांत जमीन कोणाची हें दिसतें. तिची नक्कल भूमि-अभिलेख कचेरींत थोड्या शुल्कांत मिळते, आणि लाखो रुपयांचा घोर वांचवते.

नव्या ले-आऊटाचा रोग याच्या उलट. तेथें वारस थोडे, पण जमीनच मुळांत शेत. सातबारा उताऱ्यावर ती जमीन अकृषक झाल्याची नोंद आहे काय, आणि जो नकाशा दलाल दाखवितो त्यावर मंजुरीचा शिक्का व क्रमांक आहे काय, हे पहिले दोन प्रश्न. मंजुरीवांचून शेताचे तुकडे करून विकण्याचा प्रघात इतका पसरला कीं त्यासाठीं महाराष्ट्रांत २००१ सालीं गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि २०२१ सालीं त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना नियमित होण्याची संधि द्यावी लागली. नियमित होऊं शकणें आणि नियमित झालेलें असणें यांत मोठें अंतर आहे. नियमित करण्याचें शुल्क कोण भरणार, हा प्रश्न सौदा ठरण्यापूर्वींच विचारावा. शिवाय पांचशें चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील नवा ले-आऊट विकण्यापूर्वीं त्याची महारेराकडे नोंदणी व्हावी लागते. तो नोंदणी-क्रमांक मागण्यांत भीड धरण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या ले-आऊटांत दहा टक्के जागा सर्वांसाठीं मोकळी सोडावी लागते. मंजूर नकाशा हातांत घेऊन ती जागा प्रत्यक्ष जाऊन पाहावी. ज्या ले-आऊटांत बागेच्या जागीं कोणाचें तरी गोदाम उभें आहे, त्या ले-आऊटांत पुढें रस्त्याचें आणि गटाराचेंही तेंच होणार, हें ओळखावें. दोन्ही वस्त्यांसाठीं समान नियम एकच : दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकरवीं घेतल्यावांचून इसार देऊं नये.

कागदांनंतर पाणी. यवतमाळकराला या शब्दाचें महत्त्व समजावून सांगण्याची जरूर नाहीं. शहराची तहान दीर्घकाळ निळोणा आणि चापडोह या दोन जलाशयांवर भागत आली. २०१७ चा पाऊस ओढ देऊन गेला, आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत हे दोन्ही जलाशय आटले. नळाला दिवसेंदिवस पाणी नव्हतें. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून सारें शहर बसलें होतें. त्यानंतर बेंबळा प्रकल्पाचें पाणी शहरांत आणण्याचें काम मोठ्या खर्चानें हातीं घेण्यांत आलें. परंतु पाणी धरणांत असणें, जलवाहिनींत असणें आणि आपल्या नळांत असणें, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२३ मध्यें शहरांतील भूमिगत जलवाहिनी फुटून भर रस्ता उसळला, तें दृश्य देशभर पाहिलें गेलें. योजना वाईट असें त्यावरून ठरत नाहीं. पण योजनेच्या नांवानें प्लॉटची किंमत चढवून मागणाऱ्याला काय विचारावें, हें त्यावरून ठरतें. ‘या गल्लींत नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ येतो, आणि मे महिन्यांत काय होतें?’ हा प्रश्न दलालाला नव्हे, शेजारच्या घरांतील बाईंना विचारावा. तिच्या उत्तरांत अतिशयोक्ति असली तरी ती तिच्या स्वतःच्या हंड्यांवरून मोजलेली असते.

‘नळ नसला तर बोअर आहे’ हें उत्तर नव्या वस्त्यांतून हमखास मिळतें. तें सावधपणें घ्यावें. आपल्याकडील जमिनीखालीं काळा पाषाण आहे; वाळूंत मुरतें तसें पाणी त्यांत सर्वत्र मुरत नाहीं, तें भेगांतून व सांध्यांतून वाहतें. म्हणून एका प्लॉटांत बोअर भरपूर लागते आणि कुंपणापलीकडे तीनशें फुटांवर नुसती धूळ निघते. त्यांतून जिल्ह्याच्या कांहीं भागांत भूजलांत फ्लोराइडचें प्रमाण मर्यादेहून अधिक आढळलें आहे. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला १.५ मिलिग्रॅम ही त्याची शेवटची सोसण्याजोगी मर्यादा. तिच्यापलीकडे वर्षानुवर्षें गेल्यास दांतांवर डाग पडतात आणि पुढें हाडें आखडतात. तेव्हां बोअरचें पाणी तपासून घ्यावें, चवीवर विश्वासूं नये. कारण फ्लोराइडला चव नसते.

पाण्याचा दुसरा चेहरा पावसाळ्यांत दिसतो. २२ जुलै २०२३ रोजीं जिल्ह्यांत असा पाऊस कोसळला कीं महागांव तालुक्यांत पुरानें वेढलेल्या लोकांच्या सुटकेसाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें बोलवावीं लागलीं. अशा दिवशीं जमीन आपली जुनी ओळख विसरत नाहीं. जेथें आज ले-आऊट आहे तेथें काल शेत होतें, आणि त्या शेतांतून पाण्याची एखादी वाट होती. ती वाट बुजवून प्लॉट पाडले असतील, तर पाणी आपला जुना हक्क सांगायला त्या घराच्या ओट्यावर येतें. ही वाट कोठून जात होती, हें त्या शेताच्या जुन्या वाहिवाटदाराला किंवा बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला अचूक ठाऊक असतें.

त्याच शेताची माती हाही तुलनेचा विषय आहे. कापसाला जी काळी माती मानवते, ती घराला मानवत नाहीं. पावसांत ती फुगते, उन्हांत आकसून तिला भेगा पडतात. आणि दरवर्षींच्या या श्वासोच्छ्वासानें उथळ पायाच्या भिंती तिरप्या चिरतात. उपाय आहेत : मुरुमापर्यंत खोल जाणें, किंवा खालीं फुगीर टोक असलेल्या स्तंभांचा पाया घेणें. ही दुसरी पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनें अशाच मातीसाठीं विकसित केली. पण दोन्ही उपायांना पैसा पडतो, आणि तो प्लॉटच्या भावांत दिसत नाहीं. तेव्हां दोन प्लॉटांचे भाव ताडून पाहतांना मुरूम किती खोलीवर लागतो, हें शेजारच्या विहिरीच्या कडा पाहून आधीं ठरवावें. खोल काळ्या मातींतला स्वस्त प्लॉट पुष्कळदां मुरमाड जमिनींतल्या महाग प्लॉटाइतकाच महाग पडतो.

आतां आश्वासनांविषयीं थोडें. नव्या वस्तीचा भाव पुष्कळदां आजच्या सोयींवर नव्हे, उद्यांच्या सोयींवर ठरतो. ‘येथून रेल्वे जाणार आहे’ हें त्यांतलें सर्वांत भारी वाक्य. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’ कित्येक पिढ्यांची सोबतीण होती. ती बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मापाच्या मार्गाला मंजुरी मिळाल्यावर दीड दशक उलटलें, तेव्हां २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं त्यांतील वर्धा ते कळंब एवढा टप्पा सुरू झाला. असे मार्ग होतात, आणि झाले म्हणजे गांवाचें भाग्य पालटतें, यांत शंका नाहीं. परंतु ज्यानें गाडीच्या भरवशावर दीड दशकापूर्वीं चढा भाव दिला, त्याचीं मुलें तोंवर शाळा संपवून नोकरीला लागलीं. उद्यांच्या सोयीसाठीं आनंद मानावा. पैसे मात्र आजच्या सोयीचेच द्यावे.

इतकें पाहून झाल्यावर हिशेब मांडूं. पुढील आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. आपापले आंकडे आपण घालावे. समजा, जुन्या गांवांतील घर नव्या वस्तींतील घरापेक्षां तीन लाख रुपयांनीं महाग आहे. बहुतेक मंडळी येथेंच थांबतात आणि ‘तीन लाख वांचले’ म्हणून नव्या वस्तीकडे वळतात. पण नव्या वस्तींत पेट्रोल आणि मुलांच्या शाळेचा ऑटो मिळून महिन्याला अडीच हजार अधिक लागले, म्हणजे वर्षाला तीस हजार. उन्हाळ्यांतील टँकरचे आठ हजार. एकूण अडतीस हजार. आठ वर्षांच्या आंत तें तीन लाखांचें धन जिरलें. हें ऐकून कोणी लगेच जुन्या गांवाकडे वळेल. पण त्यानेंही थांबावें. ते जादा तीन लाख कर्जाचे असतील, तर नऊ टक्क्यांनीं पहिल्या वर्षाचें व्याजच सत्तावीस हजार झालें; आणि जुन्या घराची गळती, ओल, वाळवी यांवर वर्षाला पंधरा हजार धरले, तर एकूण बेचाळीस हजार. एकीकडे अडतीस, एकीकडे बेचाळीस. म्हणजे प्रामाणिकपणें मांडलेल्या हिशेबांत दोन्ही पारडीं जवळजवळ एका पातळीवर येतात.

हें अनेक घरांच्या बाबतींत खरें आहे, आणि त्यांत नवल नाहीं. बाजार कांहीं वेडा नसतो. सोयीची किंमत तो भावांत आधींच घालून ठेवतो. तेव्हां पैशाचा हिशेब आपल्याला केवळ फसवणुकीपासून वांचवितो. वस्ती निवडून देत नाहीं. ती निवड करणारा कांटा निराळा आहे. तो म्हणजे वेळेचा, आणि तोही कोणाच्या वेळेचा, याचा.

घर घेण्याचा निर्णय आपल्याकडे बहुधा कोण घेतो? जो पैसे भरतो तो. आणि वस्तींत सर्वांत कमी वेळ कोण असतो? तोच. एका साध्या कुटुंबाची मोजणी करून पाहा. आठवड्याचे एकशें अडुसष्ट तास; झोप वगळली तर सुमारें एकशें बारा उरतात. कमावता पुरुष त्यांतील साठ तास कचेरींत, रस्त्यावर आणि बाहेरच्या कामांत घालवितो. वस्तीच्या वांट्याला त्याचे बावन्न तास. शाळकरी मुलगी शाळा-शिकवणी सोडून सत्तर तास तेथें असते. घर सांभाळणारी गृहिणी नव्वद तास. आणि आजी? देवदर्शन आणि दवाखाना सोडला तर तिचे शंभराहून अधिक तास त्याच गल्लींत जातात. गाडी चालविणाऱ्याला दोन-तीन किलोमीटर म्हणजे दहा मिनिटें. गाडी न चालविणाऱ्या आजीला तेंच अंतर म्हणजे मुलगा मोकळा होईपर्यंतची वाट. जुन्या गांवांत ती आपल्या पायांनीं देवळांत जात होती, भाजी निवडून आणीत होती, चार ओट्यांवर बोलत होती. नव्या बंगल्याच्या प्रशस्त खिडकींत ती बसली म्हणजे तिला उजेड पुष्कळ मिळतो, माणूस मात्र मिळत नाहीं. याउलट जिला दम्याचा त्रास आहे, जिला जिना चढवत नाहीं, अशा आजीला अंधाऱ्या बोळांतल्या माडीपेक्षां अंगणाची नवी वस्तीच वर्षें वाढवून देईल. म्हणून जुनी वस्ती चांगली कीं नवी, असा सरसकट निकाल मी देत नाहीं, आणि कोणी देत असेल तर तो घेऊं नये.

मी सुचवितों तें इतकेंच. निवड दोन घरांवर येऊन ठेपली कीं एक कागद घ्यावा. घरांतील प्रत्येकाचें नांव व त्यापुढें वस्तींत जाणारे त्याचे तास लिहावे. मग ज्याचे तास अधिक, त्याचें मत अधिक वजनाचें मानावें. दोन्ही वस्त्यांत या मंडळींना तीन वेळां न्यावें : एकदां मे महिन्याच्या दुपारीं, एकदां मोठा पाऊस होऊन गेल्यावर, आणि एकदां रात्रीं दहा वाजतां. दलाल घर दाखवितो तें हिवाळ्यांतील रविवारच्या सकाळीं. त्या वेळीं कोणतीही वस्ती राहण्याजोगी दिसते. आजीनें देवळापर्यंत चालून पाहावें, मुलीनें शाळेच्या रस्त्यानें सायकल नेऊन पाहावी, गृहिणीनें शेजारणीशीं पाण्याविषयीं बोलावें.

आणि शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रांत १ एप्रिल २०२१ पासून राहतें घर केवळ स्त्रीच्या नांवें खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्क्याची सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घरावर ते पन्नास हजार रुपये होतात. सरकारनें ही सवलत पैशाच्या भाषेंत दिली आहे. परंतु तींतला न्याय आपण आपल्या भाषेंत वाचावा. जिचे दिवस त्या घरांत जावयाचे, तिचें नांव खरेदीखतावर असावें. आणि त्याहून आधीं, तिचा शब्द निवडींत असावा.